जर्मनीहून आलेली व्हायोलिनं

मिलिंद,

तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमाला मी आले होते. रडले नाही. उलट एकदा मोठ्याने हसले, आणि तेही अशा वेळी की तुझ्या दोन्ही मामी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तुझ्या कानावर हे कुणीतरी घातलंच असतं, म्हणून मीच सांगून टाकते. का हसले तेही सांगते, पण जरा दम धर. दम धरणं तुला कधी जमलं नाही, आता धर.

खरं तर मी येणार होते भांडायला. तू म्हणाला होतास, ‘रविवारी घरी ये सावेडीला, निवांत बोलू, एकदाचा निकाल लावू.’ मी म्हटलं होतं, रविवारी मला उपासना असते, शनिवारी येते. आणि तू शुक्रवारीच गेलास. नागापूरला ड्यूटीवर निघालास, स्कूटरला किक मारलीस आणि तिथेच खाली बसलास म्हणे. धड चाळिशीही गाठली नाहीस. ‘मेल्या, वेळेवर येत जा’ असं तुला बोलायची किती सवय होती मला. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि मी चपापते.

कार्यक्रमात एका बाईंनी विचारलं, ‘तुम्ही यांच्या कोण?’ आता काय सांगायचं? म्हटलं, मी मिशनच्या शाळेत शिकवते, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. ‘मग यांचा-तुमचा काय संबंध?’ खरंच काय संबंध रे? तू सोनईचा. तुझे वडील भीमजयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत पेटी वाजवत गावोगाव हिंडणारे. तू आयटीआय करून कारखान्यात इलेक्ट्रिशियन झालास, आणि आमच्या चर्चचा अँप्लिफायर बिघडला म्हणून आलास. नाताळाची तालीम चालू होती. वायर जोडून झाली, आवाज आला, तरी तू हलेनास. पाळकसाहेबांनी चहा विचारला तर म्हणालास, ‘चहा राहू द्या, त्यांना ते मधलं परत वाजवायला सांगा.’ त्या म्हणजे मी. तेव्हापासूनची ही ओळख. तुझं लग्न झालं, वैशाली आली, तिलाही मी आवडले, तुमच्या घरच्या पुरणपोळीत माझा वाटा ठरलेला. माझी आई तुला ‘आमचा विजेचा माणूस’ म्हणायची, आणि तू आलास की कुठला ना कुठला स्विच मुद्दाम बिघडलेला असायचा.

पुढे तुला अनिरुद्ध भेटला. पुण्याचा, कॅमेरा घेऊन आपल्या जिल्ह्यातली माळरानं तुडवणारा, काळवीट, लांडगे, पाखरं यांच्यावर फिल्म करणारा. संगीताला त्याला कुणीतरी हवं होतं, आणि तू दोन बोटांनी कीबोर्डवर त्याला काहीतरी वाजवून दाखवलंस. तो खूश. त्याहून तू खूश. मुंबईहून एक जुना सॅम्पलर, म्हणजे खऱ्या वाद्यांचे सूर साठवून कळीवर वाजवणारं यंत्र, आणलास, कॉम्प्युटर जोडलास आणि मला बोलावून म्हणालास, ‘बघ रूथ, या खोलीत अख्खा ऑर्केस्ट्रा बसवतो की नाही!’ शिंगं होती, बासऱ्या होत्या, ढोल होते. ऐकायला बरे होते. पण व्हायोलिनची कळ दाबलीस आणि मी कानावर हात ठेवले. डासांचा थवा रे नुसता! तुझं तोंड पडलं. मग तू प्रस्ताव मांडलास, माझेच सूर रेकॉर्ड करून त्यात भरायचे.

प्रस्ताव कसला, मला कामाला जुंपलंस. मे महिन्याची सुट्टी, चर्चचा मागचा हॉल, खिडक्यांना तुझ्या आईने शिवलेल्या गोधड्या लटकवलेल्या. आत भट्टी. पंखा लावायचा नाही, कारण त्याचा आवाज येतो. आणि मी एकेक सूर वाजवत बसलेले. तोच सूर आधी हळू, मग जोरात, मग तुटक, मग बोटाने छेडून, मग गज थरथरवत. तो झाला की पुढचा. चाल नाही, गाणं नाही, काही नाही. शिंप्याने कपडा न शिवता नुसती काजं करत बसावं तसं. जरा कुठे जीव ओतायला गेले की तू ओरडायचास, ‘भाव नको, भाव नको! नुसता सूर दे, भाव मी घालीन.’ चिमणी बोलली की थांबा. कुल्फीवाल्याची घंटा वाजली की थांबा. एकदा सगळं छान जमलं आणि वैशालीने बाहेरून ‘पोहे गार होतायत’ म्हणून हाक मारली, ती हाकही त्यात गेली. किती हसलो होतो आपण. त्या दिवसांचं मला काही खोटं म्हणवत नाही. तेवढं सुख मला पुढे वाजवण्यात कधी मिळालं नाही, आणि ते काय तर नुसते सुटे सूर!

आणि आपण एक घोळ घातला. चर्चमध्ये मी व्हायोलिन नेहमी तिथल्या पायपेटीला लावून जुळवायचे. आमच्या मिशनच्या काळची ती पायपेटी, भाता पायाने हाणायचा, सूर जरासा उतरलेला. सगळ्या मंडळीचे गळे त्याच पट्टीत तयार झालेले, मला त्यात वावगं काही वाटतच नसे. त्या सुट्टीतही मी सवयीने उठले, पायपेटीवर सूर धरला, तारा जुळवल्या आणि बसले. तू तारांचा माणूस, तुलाही वाटलं नाही की यंत्राला लावून बघावं. सगळं रेकॉर्ड झालं, तू घरी नेलंस, शिंगांबरोबर वाजवलंस आणि धावत आलास. ‘अगं तुझी सगळी व्हायोलिनं खाली आहेत!’ परत वाजवायची तर शाळा सुरू झालेली. मग तू काय केलंस? व्हायोलिनं तशीच ठेवलीस आणि बाकीचा सगळा ऑर्केस्ट्रा त्या पायपेटीच्या पट्टीत उतरवलास. शिंगं, बासऱ्या, ढोल, सगळे मुकाट नगरच्या चर्चच्या सुरात आले. ‘आता सगळे तुझ्या मंडळीत,’ म्हणालास. मला तेव्हा तू फार आवडला होतास, मिलिंद.

लांडग्यांच्या फिल्मचं संगीत तू मला सावेडीच्या त्या खोलीत ऐकवलंस. पडद्यावर कर्जतकडचा माळ, वाळलेलं कुसळी गवत, आणि एक लांडगी पिल्लांसाठी तोंडात काहीतरी धरून धावतेय. आणि मागे चाळीस व्हायोलिनं. चाळीसही मीच. प्रत्येकीला तू जरा मागे, जरा पुढे सरकवलं होतंस, म्हणजे खरोखरच्या बायका बसल्यात असं वाटावं. मी कधीही न वाजवलेलं संगीत माझ्याच हाताने वाजत होतं. तिथे मी रडले. तेव्हाच रडून झालंय माझं, मामींना सांगायला हवं होतं.

पण डोळे पुसून झाल्यावर मी भांडलेही. म्हटलं, अरे, त्या माळाला स्वतःचा आवाज आहे. वारा आहे, टिटवी आहे, चंडोल आहे. त्यावर ही वरात कशाला? तू उसळलास. ‘हिमालयाच्या फिल्मला चाळीस व्हायोलिनं चालतात, समुद्राला चालतात. आमच्या माळाला काय पिपाणी? लोक त्याला पडीक म्हणतात गं. मला त्याला राजासारखं वाजवायचंय.’ मी म्हटलं, राजाला गप्पही बसता येतं. हे भांडण आपलं मिटलं नाही ते नाहीच. अजूनही मला वाटतं माझं खरं होतं. पण तुझं खोटं होतं असं म्हणायला जीभ वळत नाही.

ती फिल्म टीव्हीवर लागली त्या दिवशी माझ्या घरी शाळेतल्या चार बाया, शेजारचे, पाळकसाहेब, सगळे जमले होते. आईने चिवडा केला होता. मीच सांगून ठेवलं होतं ना सगळ्यांना, आमचं व्हायोलिन आहे म्हणून! फिल्म संपली, नावं सरकायला लागली. कॅमेरा अमुक, संकलन तमुक, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा होता, संगीत म्हणून तुझं नाव आलं, आणि पडदा काळा झाला. आई म्हणाली, ‘अगं, तुझं कुठंय?’ एका बाईंनी चिवडा छान झालाय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तुला गाठलं. तू आधी हसण्यावारी नेलंस. ‘अगं, तबल्याचं नाव कधी पडद्यावर येतं का? वाजवणाऱ्याचं येतं.’ मी म्हटलं, मिलिंद, मी तबला नाही. मी वाजवणारी आहे. मग तू नजर चुकवून म्हणालास, ‘विचारलं होतं मी अनिरुद्धला. तो म्हणाला, त्यांच्यात असं नाव द्यायची पद्धत नाही.’ मला काय माहीत पुण्या-मुंबईच्या पद्धती? विश्वास ठेवला. पुढच्या फिल्मला परत विचारलं, परत तेच उत्तर. काळवीट झाले, पाणथळीची पाखरं झाली, चाळीस मी सगळीकडे वाजतेय आणि माझा कुठे पत्ता नाही.

आणि मग माझा हात गेला. डाव्या हाताची बोटं सुजायला लागली, वळेनात. डॉक्टरांनी संधिवात म्हटलं आणि व्हायोलिन बंद करायला सांगितलं. आता चर्चमध्ये मी बाकावर बसते आणि दुसरे वाजवतात ते ऐकते. तुला सांगायला आले तेव्हा तू मनापासून हळहळलास, खोटं नाही बोलणार. पण मग मला धीर द्यायला म्हणालास, ‘काळजी कशाला करतेस? तुझे सगळे सूर माझ्याकडे कायमचे आहेत की!’ कप्पाळ माझं! अरे, तेच तर दुखणं होतं. तुझ्याकडे होते. माझ्याकडे काय होतं? माझ्या वाजवण्याचं जगात जे काही उरलं होतं ते तुझ्या फ्लॉपींच्या डब्यात, आणि त्यावर नाव तुझं. त्या दिवसापासून मला ते नाव पडद्यावर हवंच होतं. हौस म्हणून नव्हे. मी वाजवत होते, एवढं कुठेतरी राहावं म्हणून. तेच बोलायला मी शनिवारी येणार होते.

तर जलदान. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, तुझ्या कारखान्यातले लोक हमसून रडले. तुझी आई भिंतीला टेकून बसली होती. मी जवळ गेले तशी माझा वाकडा हात हातात घेऊन म्हणाली, ‘लई राबलं गं माझं लेकरू. त्या डबड्याम्होरं बसला की भूक न्हाई का तहान न्हाई. मला म्हनायचा, आय, ही रूथ वाजिवती हाय, ऐक. म्या म्हनायची, आरं, ती तर हितं न्हाई. म्हनायचा, न्हाई कशी, ही काय हाय की.’ आईला सांगितलंस तू! सोनईच्या तुझ्या अडाणी म्हातारीला ठाऊक, की ती रूथ आहे.

लोक पांगले आणि अनिरुद्ध आत आला. मी त्याला पहिल्यांदाच समोरासमोर बघत होते. तुझी शेवटची फिल्म, माळढोकाची, तिचं निम्मं संगीत करून तू गेलास. उरलेलं पुरं करायला त्याने मुंबईत एका कीबोर्डवाल्याला बसवलं होतं. तो वैशालीला म्हणाला, ‘वहिनी, आज विचारू नये, पण नाइलाज आहे. आमचा माणूस मिलिंदच्या सुरावर काहीही वाजवतो, ते बसतच नाही. सगळं किंचित खाली आहे म्हणतो. त्या जर्मन डिस्क कुठल्या कंपनीच्या, तेवढं सांगता का?’

वैशालीने विचारलं, ‘कुठल्या जर्मन डिस्क?’

‘व्हायोलिनच्या. मिलिंदने जर्मनीहून मागवल्या होत्या ना. तिकडच्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या. आम्हाला पहिल्याच फिल्मला सांगितलं होतं त्याने.’

वैशालीने माझ्याकडे बघितलं. ‘जर्मनी कसली हो,’ ती म्हणाली, ‘ही काय जर्मनी. या रूथताई.’

तेव्हा मी हसले. मोठ्याने, तुझ्या फोटोसमोर. जर्मनी! पायपेटीच्या पट्टीतली, गोधड्यांच्या आडची, पोह्यांच्या हाकेसकट जर्मनी! मामींनी बघितलं ते हे. पण हसू संपल्यावर खाली काय उरलं ते तुला सांगते. तू विचारलंच नव्हतंस. एकदाही नाही. ‘पद्धत नाही’ हे तुझ्या मनचं. तो अनिरुद्ध बिचारा तोंड वासून माझ्या बोटांकडे बघत होता. म्हणाला, ‘अहो, त्याने एक शब्द बोलायला हवा होता. पहिल्या फिल्मपासून नाव दिलं असतं. नगरच्या चर्चमधलं व्हायोलिन, हे तर किती भारी आहे!’

एक शब्द, मिलिंद. तुला लाज वाटली का रे? माझी? नगरची? का तुला वाटलं, सोनईचा इलेक्ट्रिशियन आणि मिशन शाळेतली बाई म्हटल्यावर ही पुण्याची माणसं उठून जातील? तसंच वाटलं असणार. तुला कुठे कुठे कुणी उठवलंय ते मला माहीत आहे, तूच सांगितलंयस. ते सगळं मला समजतं. पण मग मला तसं सांगायचं होतंस. मी म्हटलं असतं, बरं बाबा, पहिल्या फिल्मपुरती जर्मनी. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोललास, हात गेल्यावरही बोललास, आणि आता निघून गेलास. मी कुणाशी भांडू? फोटोशी? वैशालीशी भांडावं तर ती बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवतेय. तुला मी माफ केलंय असं लोकांनी म्हणावं असं मला बिलकुल वाटत नाही. केलेलं नाही.

वैशालीने फ्लॉपींचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, ‘ताई, हे तुमचं. द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’ दिलं नसतं तर तुझी ती फिल्म कुठल्यातरी उसन्या संगीताने पुरी झाली असती आणि तुझं काम कचऱ्यात गेलं असतं. हातात डबा धरून मी तसा विचार केला. हो, केला. मग अनिरुद्धला पायपेटीचं सांगितलं, तुमच्या माणसाला म्हणावं सगळी वाद्यं उतरव, म्हणजे बसेल. आणि म्हटलं, डबा नेण्याआधी नाव कसं येणार ते मला लिहून दाखवा.

तो तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागला. त्याने कागद माझ्यापुढे केला. संगीत, आणि पुढे तुझं नाव. त्याखाली व्हायोलिन, आणि पुढे माझं. चांगलं ठळक, पूर्ण नाव. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तुझा जीव खाल्ला ते हे. माझं नाव दिसलं आणि सुखावायच्या आधी माझी नजर वरच्या ओळीवर गेली. तुझ्या नावाआधी त्याने ‘कै.’ लिहिलं होतं.

मी म्हटलं, ‘हे काढा.’

त्याला कळेना. ‘अहो, गेलेल्या माणसाला लिहितात तसं. मानाने.’

‘लिहितात. पण हा कैलासाला गेलेला नाही. हे बौद्ध, यांच्यात कालकथित म्हणतात. तसं लिहा. पूर्ण लिहा.’

वैशाली दारात उभी होती. अनिरुद्ध जरा घुटमळला. ‘नुसतंच नाव ठेवलं तर? टीव्हीवर सगळ्यांना हा शब्द कळेल का?’

‘ज्यांना कळेल त्यांना कळेल. बाकीचे विचारतील. आमच्याकडे माणूस प्रभूत झोपी जातो, तुमच्याकडे कैलासाला जातो, हा कालकथित झालाय. त्याच्या नावाआधी दुसऱ्या कुणाचा शब्द लागायचा नाही.’

त्याने ‘कै.’ खोडलं. वर लिहिलं, कालकथित. कानामात्रा नीट आहे का ते मला विचारलं आणि डबा उचलून निघाला. सगळं मिळून चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला. तो रागावला नाही, उठून गेला नाही, फिल्म थांबली नाही.

तुझ्या नावासाठी मी बोलले, मिलिंद. माझ्यासाठी तुला बोलायचं होतं ते एवढंच होतं.